व्हॅन गॉगचा कापणी करणारा : मरण की मजुरी?

ओंबी : व्हॅन गॉगने सप्टेंबर १८८९ मध्ये रंगवलेलं हे गव्हाचं शेत आता ॲम्स्टरडॅमला त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. ते पाहिलं की बहुतेक जण 'त्याला आपलं मरण दिसत होतं' म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. दहा महिन्यांनी तो गेला हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आपण ते चित्रात शोधतो. समोर आहे काय? पिवळ्याधमक गव्हाच्या लाटा, मागे जांभळट डोंगर आणि विळा घेऊन एकटाच खपणारा माणूस. हे कष्टाचं चित्र आहे. त्याच महिन्यात तो मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकामाच्या चित्रांवरूनही रंगवत होता.

काजळरेघ : असहमत. मरण आपण चिकटवलेलं नाही. त्याने स्वतः भावाला, थिओला लिहिलंय की या माणसात मला मृत्यू दिसतो, आणि तो कापतोय तो गहू म्हणजे माणसं. आधी रंगवलेल्या पेरणाऱ्याच्या हा उलट, असंही तिथेच आहे.

ओंबी : मग पत्र पुरतं वाचा. या मरणात दुःखाचं काही नाही, ते लख्ख उजेडात, सोनेरी उन्हात येतं, असं तो पुढे म्हणतो. आणि चित्रकाराने अर्थ सांगितला म्हणून बघणाऱ्याने डोळे मिटायचे का?

काजळरेघ : डोळे उघडे ठेवूनच सांगतो. त्या माणसाला चेहरा नाही, चार-दोन फटकाऱ्यांत तो संपतो. मिलेचा कापणी करणारा कसा हाडामांसाचा, चौकट भरून उभा आहे! मजूरच दाखवायचा असता तर एवढासा ठेवला असता?

बांधावरून : आमच्याकडे गहू सोंगायला पहाटेच लागतात. ऊन चढलं की ओंब्या कडक होतात, दाणे गळतात. त्यामुळे भर उन्हात एकट्याने विळा चालवणारा बघून मला आधी त्याची काळजीच वाटली. बाकीचे कुठे गेले? पेंढ्या कोण बांधणार? हा एकटेपणा शेतातला नाही, बघणाऱ्याचा आहे.

काजळरेघ : ताई, नेमकं बोललात. बघणारा, म्हणजे व्हॅन गॉग, फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, खिडकीला लोखंडी गज. याच शेताचं पहिलं चित्र जूनमध्ये शेत समोर असताना सुरू झालं, ते नेदरलँड्समधल्या ओटर्लोच्या संग्रहालयात आहे. जुलैत त्याला आजाराचा झटका आला, कित्येक आठवडे बाहेर पडता आलं नाही. सप्टेंबरचं हे दुसरं चित्र त्याने खोलीत बसून, पहिल्यावरून केलं. तोवर खिडकीखालचा खरा गहू कधीच कापून झाला असणार.

ओंबी : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे कापलेलं शेत त्याने पुन्हा उभं केलं. मरण आहे, हे आता मान्य करते. पण भेसूर म्हणू नका. याचीच एक लहान प्रत त्याने आई-बहिणीसाठी रंगवली. आईच्या घरात लावायला कोणी भीती पाठवतं का?