भरतीची तयारी करताना पाळी बंद झाली, तर ‘चालायचंच’ म्हणायचं का?

घाटवाट, सातारा
पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे यवतेश्वरचा घाट चढताना दिसतात, अभिमान वाटतो. पण माझ्या भाचीची पाळी चार महिने आलेली नाही, आणि तिच्या अकॅडमीत सांगितलं, "बॉडी फिट झाली की असं होतंच." मला हे अजिबात पटत नाही. पोरगी पहाटे एका केळ्यावर पळते, दुपारी एक भाकरी, संध्याकाळी परत ग्राउंड, रात्री वजनाच्या धास्तीनं भात बंद. अंगाला ताकदच उरत नाही, म्हणून पाळी थांबते. यात फिटनेस कुठला?

ग्राउंडवाला
मी मुलींना पळवतो, म्हणून सांगतो. 800 मीटरला सेकंदासेकंदावर मार्क जातात, जड अंगानं ते निघत नाहीत. भरती झाली की वजन येतं, पाळीही येते. आणि याचा एवढा बोभाटा केलात, तर घरचे मुलींना ग्राउंडवर पाठवायचेच बंद होतील. आत्ताच किती विनवण्या कराव्या लागतात, ते आम्हाला विचारा.

कराडची सिस्टर
सर, पाळी बहुतेकींची परत येते, पण हाडांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. खाणं कमी पडलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस अंडाशयाकडचे संदेश मंद करतो, हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं. अठरा-वीस हे हाडं भरायचं वय, नेमकी तेव्हाच ती विरळ होतात. मग नडगी दुखते, मुलगी बर्फ लावून पळत राहते आणि हाडाला गेलेली बारीक चीर एक्स-रेत कधीकधी सुरुवातीला दिसतही नाही.

आणि चरबीच्या टक्क्यांवर अडून बसू नका. नियमित पाळीला साधारण 22 टक्के चरबी लागते, असं अमेरिकन संशोधक रोझ फ्रिश यांनी 1970 च्या दशकात मांडलं होतं. तसा एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही, हे पुढे दिसलं. वजन व्यवस्थित असूनही पाळी गेलेल्या मुली असतात. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराला किती उरतं, हे महत्त्वाचं. ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये ऊर्जेच्या या तुटीनं होणाऱ्या त्रासाला रेड-एस नाव दिलं, आणि ते मुलग्यांनाही होतं.

माणदेशी आई
मग एवढं पळावंच कशाला? उद्या लग्न, लेकरं व्हायची आहेत. नोकरी काय, दुसरीही मिळेल.

घाटवाट
ताई, ललिता बाबर तुमच्याच माणच्या. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाल्या. पळणं थांबवा असं मी म्हणतच नाही. ताट वाढवा म्हणतोय.

ग्राउंडवाला
ताट वाढवायचं म्हणजे मेसचे पैसे वाढणार, ते शेतमजुराच्या घरातून आणायचे कुठून? दुसरं, मी पुरुष माणूस. पाळीचं मुली मला सांगणार कशा?

कराडची सिस्टर
तुम्हाला सांगू नयेच. एखादी बाई नेमा, नाहीतर थोरल्या मुलीकडे जबाबदारी द्या. खाण्याला पावडरचा डबा लागत नाही. पळून आल्यावर लगेच शेंगदाणे-गूळ, जेवणात दीड भाकरी जास्त, रात्री डाळ-भात, जमेल तेव्हा अंडी. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर गाठायचेच. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओडी (अंडाशयाचा विकार) आधी तपासावं लागतं. पाळी आणायच्या नुसत्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, सगळ्यांना हायसं वाटतं, पण उपाशी अंग तसंच राहतं.

ग्राउंडवाला
शेंगदाणे-गूळ सोमवारपासून चालू करतो. वजन बघायचं मात्र सोडणार नाही.