जावयाच्या बिअरसाठी धने नेतेय. किती, कसे, भाजून की कच्चे?

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न बिअरचा आहे, पण विचारणारी बाई बिअर पीत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे टोमणे वाचतील.

मी भडगावची. उन्हाळ्यात मसाले करून देते: काळा मसाला, धनेपूड, मिरची कांडून. श्रावणात कानबाईचं विसर्जन झालं की आम्ही दोघं लेकीकडे निघतोय, अमेरिकेत सिॲटलला. जावईबापू तिथे गॅरेजात बिअर करतात. मोठी स्टीलची पातेली, नळ्या, थर्मामीटर, सगळा संसार मांडलाय. मागच्या खेपेला त्यांनी लिंबू आणि मसाल्याची ‘पेल एल’, म्हणजे फिकट रंगाची बिअर, केली होती. आमच्या ह्यांनी एक ग्लास घेतला, “छान आहे” म्हणाले आणि उरलेला अर्धा हळूच कुंडीत ओतला. मी नुसता वास घेतला. “हाई काय शे?” असं तोंडातून गेलंच. भांडी घासायच्या लिंबाच्या साबणाचा वास! आणि त्याच्या मागे कसलातरी कच्च्या पाल्याचा.

जावई माणूस चांगला. रागावला नाही, उलट म्हणाला, “आई, तुम्हीच सांगा काय चुकलं.” मी धन्याचा डबा मागितला. बारीक, गोल, तपकिरी दाणे. तळहातावर रगडले तर वास येईना, आला तो पाल्याचा. असले धने मी गिऱ्हाइकाला दाखवणारसुद्धा नाही.

आता धन्यांचं मला सांगू नका. जळगावच्या दाणा बाजारात मी दर वर्षी पोत्यात हात घालून माल बघते. बदामी, ईगल, स्कूटर असे प्रकार येतात. बदामी तपकिरी आणि स्वस्त, पुडीत खपून जातो. स्कूटर हिरवट, लांबट, वास धरून ठेवलेला. राजस्थानातल्या रामगंज मंडीकडचा माल असेल तर डोळे मिटून घ्यावा. त्यातला एक दाणा पुढच्या दातांनी फोडा. आधी संत्र्याची साल नाकात जाते, मग थोडा गोडवा, आणि धने म्हणून जे आपण ओळखतो ते सगळ्यात शेवटी. जावयाला बिअरमध्ये जे लिंबू-संत्रं हवंय ते या दाण्यातच बसलंय, असा माझा अंदाज.

तर विचारायचं ते असं. त्यांचा एक घाणा १९ लिटरचा असतो. त्याला धने किती? भाजून की कच्चे? पूड की अख्खे? बांधावर कागदी लिंबाची झाडं आहेत, त्यांची साल सावलीत वाळवून नेली तर? आणि जावयाचा हट्ट आहे की खान्देशचा काळा मसाला चिमूटभर टाकून बघायचा. मला तो काही पटत नाही, पण तुम्ही जाणकार सांगा.

रोखठोक_धुळे

मावशी, दारू ती दारू. सासूनं जावयाला मसाला पुरवायचा? कमाल आहे. आणि बाकीच्यांना सांगतो, हे वाचून इकडे घरी पातेलं चढवू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हासुद्धा गुन्हाच.

गिरणाकाठची

भाऊ, कायद्याचं बरोबर बोललात, म्हणूनच पातेलं तिकडे आणि धने इकडे. राहिलं सासूचं. माझ्या हातचा मसाला कुणाच्या मटणात जातो आणि त्या मटणासोबत काय बसतं, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही.

तापीपल्याडचा

मावशी, मी मूळ चोपड्याचा, पुण्यात एका परवानाधारक ब्रुअरीत कामाला आहे. तुमचा अंदाज शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याला कारण आहे. धन्याच्या तेलात सगळ्यात जास्त असतं ते लिनालूल नावाचं वासाचं द्रव्य. बिअरला कडूपणा आणि वास देणारी जी वेलीची फुलं, म्हणजे हॉप्स, त्यांतही तेच असतं, म्हणून दोघांचं जमतं. आपले लांबट धने लिंबूवर्गाच्या वासाकडे झुकतात, बारीक गोल धने पाल्याकडे, सेलरीकडे. बिअर करणारे परदेशी लोक मुद्दाम भारतीय धने शोधतात. तेव्हा धने न्याच.

ही काही नवी टूम नाही. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि कडू संत्र्याची वाळलेली साल पूर्वापार पडते. हूगार्डन गावातली ती बिअर बंद पडली होती, पिएर सेलिस नावाच्या माणसानं १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. जावई मात्र पेल एल करताहेत, म्हणजे अमेरिकी वळणाची, हॉप्स पुढे असलेली. तिथे मसाला मागच्या रांगेत बसला पाहिजे.

आता साबणाचं. माझा संशय तीन गोष्टींवर. एक, धने जास्त पडले. लिनालूल थोडं असेल तर लिंबू, संत्रं, फूल. जास्त झालं की थेट साबण. दोन, लिंबाची साल खूप वेळ उकळली. सालीतला चांगला वास वाफेवर जातो आणि मागे कडू तेवढं उरतं. तीन, सालीसोबत तिच्या आतला पांढरा भाग किसला गेला. तिकडच्या लिंबांची साल जाड असते, किसणी जरा जोरात फिरली की पांढरं येतंच. आपल्या कागदी लिंबाला तो पांढरा भाग नावालाच.

१९ लिटरला धने १५ ग्रॅम. यापुढे जाऊ देऊ नका, पहिल्यांदा तर १२ वरच थांबा. भाजायचे नाहीत. मसालेवाल्या माणसाला हे जड जाईल याची कल्पना आहे. पण भाजले की लिंबाचा वास उडतो आणि खमंगपणा येतो. तो रश्श्याला हवा, बिअरला नको. पूडही नको. खलबत्त्यात असे ठेचा की प्रत्येक दाण्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत, बस. पूड गाळली जात नाही, बिअर गढूळ होते आणि पाल्याची चव उतरते. ठेचायचे तेही उकळी चालू असताना, आदल्या रात्री नाही. मलमलीच्या पुरचुंडीत बांधून शेवटची पाच मिनिटं राहिली की सोडायचे.

बाकी कृती जावयाला ठाऊक असेलच, तरी त्यांनी ताडून बघावी म्हणून देतो. साधं पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) साडेचार किलो, रंग-गोडव्यासाठी क्रिस्टल माल्ट पाव किलो, ६६-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर. मग तासभर उकळी. कॅस्केड हॉप्स सुरुवातीला ३० ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांत आणखी ३०. कॅस्केड ही जात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ऑरेगॉनमधल्या संशोधनातून १९७२ मध्ये बाहेर आली. तिला चकोतऱ्याचा वास आहे, त्यामुळे लिंबाला आधीच सोबत मिळते. घनता आंबवण्याआधी १.०५० च्या आसपास, आंबल्यावर १.०१२, म्हणजे मद्यार्क साधारण ५ टक्के. यीस्ट साधं अमेरिकन एल, आंबवताना तापमान १८ ते २० अंश. सिॲटलला ते सहज जमेल. आपल्याकडच्या मे महिन्यात ४५ अंशांत ते यीस्ट काय करेल हे न बोललेलं बरं.

लिंबू: रस नाही, फक्त साल. रसानं आंबटपणा वाढतो आणि हॉप्सच्या कडूपणाशी त्याचं भांडण लागतं. तीन लिंबांची वरवरची हिरवी-पिवळी साल किसून जेमतेम बुडेल इतक्या व्होडकात दोन-तीन दिवस ठेवायची, आणि बाटल्या भरायच्या आधी गाळून थोडी थोडी चाखत मिसळायची. उकळीत टाकली की अंदाज बसत नाही. इथे हात आवरता येतो.

चाळीसगाव जंक्शन

वाळवलेल्या सालीचं राहू द्या ताई. मी दोनदा गेलोय मुलाकडे. वाळलेले मसाले बहुतेक चालतात, पण लिंबूवर्गाची पानं आणि बिया चालत नाहीत, गवती चहासुद्धा नाही. ताजी लिंबं तर नाहीच नाही. कढीपत्ता त्याच कुळातला, तोही घरीच ठेवा. सालीत एखादी बी अडकली की उगाच अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं. लिंबू तिकडे दुकानात मिळतं. धने नीट निवडून, काडीकचरा न ठेवता, छापील नावाच्या बंद पाकिटात न्या. फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतात, न लिहिलं आणि सापडलं तर दंड.

आणि धुळ्याच्या भाऊंसाठी: अमेरिकेत जिमी कार्टर अध्यक्ष असताना १९७८ मध्ये घरगुती बिअरला केंद्राची परवानगी मिळाली. दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. विकायची मात्र नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

साडेसातशे लिटर! आमच्या धडगावकडे मोहाची फुलं वेचणाऱ्याला हे वाचून दाखवतो.

मला एक सांगा कुणीतरी. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जवच ना? मग आपल्या दादर ज्वारीला मोड आणून ही बिअर होईल का? करायची नाही हो, समजून घ्यायचंय.

तापीपल्याडचा

ज्वारीची बिअर आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या होते. नायजेरियानं १९८८ मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कंपन्याही ज्वारीवर आल्या. अडचण अशी की ज्वारीचं पीठ जवापेक्षा जास्त उष्णतेला शिजतं, आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी मोडातली विकरं (एन्झाइम) मरतात. मुळातही ती तिच्यात जवापेक्षा कमीच. त्यामुळे ६६ अंशांची वरची कृती दादरला जशीच्या तशी लागू होत नाही. पीठ वेगळं शिजवून, निववून मग मोडाचा अर्क मिसळावा लागतो. दादरचीच अशी कुणी केल्याचं माझ्या कानावर नाही. भाकरीला मागणी असताना कोण देतंय!

गिरणाकाठची

चोपड्याच्या भाऊ, तुम्ही ‘भाजायचे नाहीत’ लिहिलंत तेव्हा मी खरंच अर्धा तास चरफडले. कच्चे धने म्हणजे आमच्या धंद्यात आळस. मग करून बघितलं. एका वाटीत कच्चे ठेचलेले, दुसऱ्या वाटीत नुसते गरम होईपर्यंत भाजलेले, दोन्हींवर उकळतं पाणी आणि झाकण. पाच मिनिटांनी झाकण काढलं. भाजलेल्यांचा वास घरभर, आमचे हे आतून विचारत आले की भाजी कसली. कच्च्यांच्या वाटीत नाक घातलं तर लिंबू. चहात टाकावं असं वाटलं, टाकलंही, वाईट नाही लागत. ठीक आहे, कच्चे.

स्कूटर माल अर्धा किलो घेते. त्यात जावयाची दोन वर्षं निघतील, पण वास इतका टिकणार नाही, तेव्हा उरलेले लेक भाजीत घालेल. चाळीसगावच्या भाऊंचं ऐकून साल रद्द. लिंबं बाजारात जातील, चालू भाव बरा आहे.

वेलदोडा आणि मिरी यांचं कुणी बोललं नाही. आणि काळ्या मसाल्याचं?

तापीपल्याडचा

वेलदोडा असा मसाला आहे की एक जास्त झाला तर बाकी सगळे गप्प. १९ लिटरला दोन वेलदोड्यांचे दाणे, तेही धन्याच्याच पुरचुंडीत. मिरी चार ग्रॅम, भरड. दोन्ही एकाच घाण्यात नकोत. आधी फक्त धने आणि लिंबू होऊ द्या, मग पुढच्या वेळी एकेक वाढवा, म्हणजे कुणामुळे काय झालं ते कळेल.

काळा मसाला मात्र नाही. एक तर त्यात खोबरं आणि तेलात परतलेला माल. तेलानं बिअरचा फेस बसतो, ग्लासात ओतली की दोन मिनिटांत डबक्यासारखी दिसते. दुसरं, त्यातला कांदा-लसूण. त्या वासाच्या बिअरला आपला जावईच काय, कुणीच हात लावणार नाही. दगडफूल एकटं वेगळं टाकून बघायला मला स्वतःला आवडेल, गडद रंगाच्या बिअरमध्ये. पेल एलमध्ये नाही.

एक सुचवतो. तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे असाल. सिॲटलपासून गाडीनं अडीच तासांवर याकिमा खोरं आहे. अमेरिकेतल्या हॉप्सपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश त्याच वॉशिंग्टन राज्यात होतात, आणि ऑगस्टअखेरपासून तोडणी चालू असते. वेल साडेपाच-सहा मीटर उंच तारांवर चढवलेले असतात आणि अख्खा वेलच कापून ट्रॉलीत टाकतात. साहेबांना शेतीत रस असेल तर जावयाला म्हणावं, न्या बघायला. ओली फुलं तोडणीच्याच दिवशी वापरून बिअर करायची तिकडे पद्धत आहे. जमलं तर तुमचे धने त्या घाण्यात घाला. फक्त ओले हॉप्स कोरड्यापेक्षा पाच-सहा पट लागतात, हे जावयाच्या कानावर घाला.

आणि काळा मसाला न्याच, पण शेवभाजीसाठी. त्या बिअरसोबत शेवभाजीपेक्षा चांगलं काही नाही.

गिरणाकाठची

याकिमाचं ह्यांना सांगितलं. तारांना खांब कशाचे आणि एकरी खर्च किती, हे प्रश्न आत्तापासून सुरू झालेत.

शेव इथूनच नेते. तिकडे मिळते ती रश्श्यात टाकली की विरघळते.