मदत हवी आहे: 'एक बॅक्टेरिया' चूक का?

मंडळी, शाळकरी मुलांसाठी सूक्ष्मजीवांवर पुस्तिका लिहितेय आणि एका वाक्यापाशी अडकलेय: 'अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा बॅक्टेरिया साधारण २० मिनिटांत दुभंगतो.' वाचून देणाऱ्या मैत्रिणीने 'हा बॅक्टेरिया'खाली लाल रेघ मारली. म्हणे, बॅक्टेरिया मुळातच अनेकवचन, एकच असेल तर बॅक्टेरियम. असेल बाई, पण मराठी बोलताना 'बॅक्टेरियम' म्हणणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. सरसकट 'जीवाणू' करावं, तर दुसरीच पंचाईत: तो जीवाणू, ते जीवाणू. एक की अनेक, हे मुलांना कळणार कसं? आणि शेवटचा णू ऱ्हस्व की दीर्घ?

प्रतिसाद १
मैत्रीण लॅटिनपुरती बरोबर आहे. पण शब्द आपल्या घरात आला की त्याला घरचे नियम लागतात. नाहीतर 'डेटा'ही अनेकवचनच. 'डेटा संपले' म्हणणार का? व्हायरसची तर गंमतच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विष, आणि जुन्या लॅटिनमध्ये त्याचं अनेकवचन वापरातच नव्हतं. ओढूनताणून 'विरी' करावं, तर त्याचा अर्थ 'पुरुष'! इंग्रजीने सरळ 'व्हायरसेस' करून सुटका करून घेतली. 'एक बॅक्टेरिया' मराठीत खुशाल चालवा.

प्रतिसाद २
मी 'जीवाणू'च्या बाजूने. सुटा शब्द दीर्घ, समासात ऱ्हस्व: जीवाणुनाशक, विषाणुजन्य, अणुभट्टी. वचन क्रियापद सांगतं: जीवाणू वाढतो, जीवाणू वाढतात. विभक्ती लागली की मात्र सगळा भार अनुस्वारावर येतो. 'विषाणूचे प्रकार' म्हणजे एकाच विषाणूची वेगवेगळी रूपं; 'विषाणूंचे प्रकार' म्हणजे गोवर, पोलिओ, रेबीज यांचे निरनिराळे विषाणू. टिंब उडालं की विज्ञानच बदलतं, आणि टाइप करताना उडतं ते नेमकं टिंबच.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. वाक्य असं केलं: 'साधारण २० मिनिटांत ई. कोलायच्या एका जीवाणूचे दोन जीवाणू होतात.' मैत्रिणीलाही पटलं. बॅक्टेरियम म्हणजे ग्रीकमध्ये 'छोटी काठी', हे तिनेच सांगितलं. ते चौकटीत टाकतेय, म्हणजे तिचा शब्दही राहील. मग आकारांचं पान उघडलं. काठीसारखे, गोल, मळसूत्री अशी तीन चित्रं, आणि वर ठळक मथळा: 'जीवाणूचे आकार'. टिंब गायब!