वादळ जवळून: वारा, वीज, गारा (अनुभव लिहा)

सुपारीबाग
अरबी समुद्रात कमी दाबाची बातमी आली की रायगड-रत्नागिरीत पहिलं निसर्ग चक्रीवादळ आठवतं. ३ जून २०२०, भर दुपारी, श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर, ताशी १००-११० किमी वारा आणि १२० चे झोत. त्या आठवणीवरूनच हा धागा. ज्याला जे नेमकं ठाऊक आहे ते लिहा, पुढच्या वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माझ्याकडून वाऱ्याच्या दिशेचं. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचं केंद्र डाव्या हाताला, जरा पुढे असतं. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं. अशा वादळाच्या थेट वाटेवरच्या गावाला आधी आग्नेयेचा वारा लागतो, मग एकदम सामसूम, आणि मग वायव्येचा तडाखा. ती सामसूम म्हणजे वादळ संपलं नव्हे. एका बाजूने मुळं ढिली झालेली झाडं दुसऱ्या वाऱ्यात पडतात. तेवढ्या वेळात पत्रे बघायला बाहेर पडू नका.

आढं-वासे
पत्र्यांचा विषय निघालाच आहे तर. ताशी ११० म्हणजे सेकंदाला साधारण ३० मीटर. त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ५५-५७ किलोच्या आसपास जातो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट. पत्रा दाबला जाऊन उडत नाही, वर ओढला जाऊन उडतो. ओढ सर्वात जास्त वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. म्हणून कडेच्या मीटरभर पट्ट्यात बोल्ट दाट हवेत, मधल्या भागात थोडे विरळ चालतात. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात मारला तर गळती ठरलेली. डांबरी वायसर उन्हाने कडक होऊन फुटतात, ते दर मे महिन्यात हाताने तपासायचे.

आणि वादळात खिडकी उघडी ठेवावी हे कुठून आलं कोण जाणे. वारा आत शिरला की तो आतून छपराला ढकलतो, बाहेरून ओढ आहेच. सगळं बंद, वाऱ्याच्या बाजूचं दार आधी, आडणा लावून.

मुरूडकर
+१. कौलांनाही हेच, कडेच्या दोन ओळी तारेने रिपेला बांधा.

पारा
फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर आकडा नुसता बघून उपयोग नाही. आपल्याकडे दाब रोज दोनदा वर-खाली होतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा (हवेचा दाब मोजायचं एकक). दुपारी दाब उतरला म्हणून घाबरू नका, कालच्या त्याच वेळेशी ताडून बघा. फोन एकाच जागी ठेवा, शंभर मीटर चढलात तरी अकराएक हेक्टोपास्कल उतरतात.

वळीववेडा
चक्रीवादळापेक्षा वळवाचे ढग बघणारे जास्त असतील इथे. रडारच्या चित्रावरची वेळ बहुतेकदा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, साडेपाच तास मिळवा. एकाच चित्रावर भरवसा नको, मागची चार-पाच चित्रं लावून ढग कुठे सरकतोय ते पाहा. डीबीझेड म्हणजे ढगावरून परतणाऱ्या लहरींची तीव्रता, ती ५५ च्या वर गेली की गारांचा संशय घ्यायचा. रडारपासून दीडशे किमीवर अर्धा अंश वर रोखलेला किरण जमिनीपासून अडीच किमीहून वर गेलेला असतो, खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. शिवाय सी-बँड रडारची (याच्या लहरी एस-बँडपेक्षा आखूड) शक्ती मुसळधार पावसात खर्च होते, त्यामागचा ढग असतो त्याहून हलका दिसतो. मुंबईत कुलाब्याचं एस-बँड आणि वेरावलीचं सी-बँड, दोन्ही शेजारी ठेवून बघावीत.

सुपारीबाग
@वळीववेडा, हे यूटीसीचं मोठ्या अक्षरात लिहायला हवं. जुनं चित्र बघून लोक निर्धास्त राहतात.

ओक्लाहोमावासी
इकडे अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या परिसरात मे महिना म्हणजे वादळामागे धावणाऱ्यांच्या गाड्याच गाड्या. सुपरसेल (आतून फिरणारा मोठा वादळी ढग) ईशान्येकडे जात असेल तर उभं राहायची जागा आग्नेयेला, गारांच्या पट्ट्याबाहेर, दक्षिणेकडे निसटायला डांबरी रस्ता मोकळा ठेवून. इथली लाल माती ओली झाली की कच्च्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरतं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. पाऊस-गारांच्या पडद्यातून पलीकडे घुसायचं तर अजिबात नाही, आत टोर्नेडो झाकलेला असू शकतो. ३१ मे २०१३ चा एल रेनोचा टोर्नेडो चार किमीहून रुंद झाला आणि दिशाही बदलली. टोर्नेडोचा अभ्यास करणारे टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. टिम या कामातले सर्वात सावध म्हणून ओळखले जात. अजूनही वाईट वाटतं.

माणदेशी
मेंढरांवाल्यांसाठी. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किमी. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आडोसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबणं. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आहेच, पण माळावर रेंज नसते, मोजणं कुठेही जमतं. झाडाखाली कळप नको. वीज जमिनीतून पसरते, जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब लांब, विजेचा प्रवाह छातीतून जातो, म्हणून एका झाडाखाली सगळी दगावतात. माणसाने पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. तारेच्या कुंपणापासून लांब.

मुरूडकर
नारळाचं कुणी लिहील का? वाऱ्याने पिळवटलेले शेंडे नंतर कुजतात.

सुपारीबाग
एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. मोरचूद १ किलो ५० लिटर पाण्यात, कळीचा चुना १ किलो वेगळ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात. लोखंडी भांडं चालत नाही. चुना गाळून घ्या, नाहीतर नोझल तुंबतं. मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळा, उलट नको. मग घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी निवळी घाला. शेंड्यातला कुजका भाग काढून मग फवारा, त्याच दिवशी संपवा.

आढं-वासे
आणि सुपारी?

सुपारीबाग
मोडलेली सुपारी परत उभी राहत नाही. नवी लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं.

माणदेशी
वाचून हळहळ वाटली. @वळीववेडा, सोलापूरकडचा भाग कुठल्या रडारवर बघायचा?