संस्थेच्या पासवर्ड मॅनेजरची की कोणाच्या हाती?

वर्धाकाठ

तालुक्याच्या ठिकाणची शेतकरी उत्पादक कंपनी घ्या. पाच-सहा कर्मचारी, दर काही वर्षांनी बदलणारे संचालक, आणि जीएसटी, एमसीए, ई-नाम, महाडीबीटी, बँक अशी ढीगभर लॉगिन. पासवर्ड मॅनेजर ऑफिसातल्याच मशीनवर चालवायचा, इथवर सहसा एकमत होतं. वाद पुढे आहे. साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी उघडणारी एन्क्रिप्शन की प्रत्येकाच्या मास्टर पासवर्डातून (मॅनेजर उघडायच्या त्याच्या मुख्य पासवर्डातून) निघावी, का कंपनीच्या ताब्यात असावी?

माझं मत: कंपनीच्या. हिशेबनीस नोकरी सोडून पुण्याला गेला आणि तुरीची खरेदी ऐन भरात असताना बँकेच्या लॉगिनसाठी त्याला फोन लावत बसायचं, ही वेळ कंपनीवर येऊच नये. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरच्या एंटरप्राइझ प्लॅनमध्ये यासाठी की कनेक्टर आहे. सभासद एसएसओने, म्हणजे सगळ्या सेवांना चालणाऱ्या एकाच लॉगिनने, आत येतो, त्याची की कनेक्टरच्या डेटाबेसातून मिळते, मास्टर पासवर्ड उरतच नाही. डेटाबेसातल्या या सगळ्या की एका आरएसए जोडीने (बंद करणारी सार्वजनिक की आणि उघडणारी खासगी की) बंद केलेल्या असतात आणि ती जोडी फक्त आपल्याकडे असते.

मांडणी अशी. ओपनएसएसएल या साधनाने 4096 बिटची आरएसए की आणि सर्टिफिकेट बनवा. दोन्ही मिळून पासवर्ड लावलेली पीएफएक्स फाइल करा आणि ती सर्व्हरच्या डेटा फोल्डरमधल्या की-कनेक्टर फोल्डरात ठेवा. कॉन्फिग फाइलमध्ये कनेक्टर चालू करून रीबिल्ड करा, ओव्हरराइड फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता आणि पीएफएक्सचा पासवर्ड भरा, मग रीस्टार्ट. सभासदांना एकाच संस्थेत ठेवणारी पॉलिसी आणि एसएसओची सक्ती, या दोन्ही आधी चालू हव्यात.

बेंबळा

भाऊ, मांडणी बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही.

की कनेक्टर लावला तरी संस्थेचे ओनर आणि अ‍ॅडमिन मास्टर पासवर्डवरच राहतात. म्हणजे ज्यांच्या विसरण्याने सगळ्यात मोठं नुकसान होतं, त्यांचा प्रश्न आहे तिथेच. वरून हा रस्ता जवळपास एकेरी. सभासदांचे मास्टर पासवर्ड एकदा काढले की मागे फिरायला खाती नव्याने उभी करायची तयारी ठेवावी लागते. आणि पीएफएक्स फाइल, तिचा पासवर्ड आणि डेटाबेस हे तिन्ही एकाच डिस्कवर असतील, तर ती डिस्क ज्याच्या हाती लागली त्याला सगळ्यांच्या की मिळाल्या. सहा माणसांसाठी एसएसओची आणखी एक सेवा सांभाळायची. ती बंद पडली की ओनर-अ‍ॅडमिन सोडून कोणीच आत जाऊ शकत नाही.

एवढं कशासाठी? अकाउंट रिकव्हरी आहे ना. सभासद तीत नोंदला गेला की त्याच्या कीची एक प्रत संस्थेच्या सार्वजनिक कीने बंद होऊन सर्व्हरवर राहते. तो सोडून गेला तर अ‍ॅडमिन त्याचा मास्टर पासवर्ड नव्याने लावतो. टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतरचा दुसरा कोड) त्याने आपोआप निघत नाही, ते वेगळं पाहावं लागतं. हे व्हॉल्टवॉर्डन या बिटवॉर्डनशी जुळणाऱ्या हलक्या सर्व्हरवरही चालतं. तिथे इव्हेंट लॉग मात्र मुळात बंद असतो, तो आधी चालू करा, नाहीतर कोणी कोणाचं खातं उघडलं याचा माग राहणार नाही. ओनर किमान दोन ठेवा आणि दोघांनी एकमेकांना इमर्जन्सी अ‍ॅक्सेस द्या. म्हणजे एक अडला तर ठरलेली मुदत थांबून दुसऱ्याला त्याचं खातं उघडता येतं. थांबण्याची मुदत 1 दिवसापासून 90 दिवसांपर्यंत निवडता येते, 7 दिवस पुरेसे.

वर्धाकाठ

ओनरचा मुद्दा मान्य. पण अकाउंट रिकव्हरी सभासदाच्या नोंदणीवर उभी आहे. जुना कर्मचारी नोंदलाच नसेल तर त्याच्या जाण्यानंतर काहीही करता येत नाही. की एकदा कंपनीच्या ताब्यात आली, तर पुढे कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. राहिला डिस्कचा प्रश्न, त्याला लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन, आहे.

पैनगंगा

लक्सचं नाव निघालं म्हणून. गावाकडे इथेच गाडी अडून राहते, आणि लोक हेच चुकून राहिले.

लक्स फक्त बंद मशीनचं रक्षण करतं. मशीन चालू आहे तोवर डिस्क उघडी असते, त्यामुळे लक्स लावलं म्हणजे कनेक्टरच्या कीचा प्रश्न मिटला असं नाही. दुसरं, लाइट. रात्री तीनला लाइट गेली, इन्व्हर्टर उतरला, पहाटे मशीन परत चालू झालं की ते पासफ्रेज (डिस्क उघडायचा लांब पासवर्ड) मागत उभं राहतं. ऑफिस उघडेपर्यंत सगळं बंद, आणि पासफ्रेज माहीत असलेला माणूस त्या दिवशी नागपूरला.

यावर तीन उपाय चालतात. ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बूटच्या वेळी चालवून दुरून पासफ्रेज देता येतो, पण त्यासाठी तेव्हा नेट हवं. मदरबोर्डवरच्या टीपीएम या की जपणाऱ्या चिपमध्ये की बांधली तर मशीन आपोआप उघडतं, पण ते चोराच्या घरीही तसंच आपोआप उघडेल. आणि वीज पडून मदरबोर्ड जळाला तर चिपसकट ती की गेली, म्हणून कागदावरची पासफ्रेज ठेवावीच लागते. मला तिसरा उपाय बरा वाटतो: सर्व्हरवर क्लेव्हिस आणि दुसऱ्या मशीनवर टँग, या दोन प्रोग्रॅमची जोडी. गोदामात त्याच नेटवर्कवर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर टँग ठेवा. सर्व्हरला तो दिसला तरच डिस्क उघडते. सर्व्हर एकटा उचलून नेला तर तो बंदच राहतो.

रास्पबेरी पाय 4 वर घड्याळाची बॅटरी नसते, हेही ध्यानात असू द्या. लाइट आल्यावर नेट नसेल तर त्याचं घड्याळ मागे राहतं. पासवर्ड मॅनेजरच अशा पायवर असेल तर 30 सेकंदांचे टू-स्टेप कोड जुळत नाहीत, आणि लोक पासवर्ड चुकला समजून बदलायला लागतात. डेटा एसडी कार्डवर तर नकोच, लाइटच्या झटक्याने कार्ड खराब होतं.

सोयाबीन_सर्व्हर

एवढ्या उस्तवारीपेक्षा क्लाउडची की सेवा का नको? अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडची की सांभाळणारी सेवा, केएमएस, तिच्यात आपली की महिन्याला 1 डॉलर, मुंबईचा विभाग उपलब्ध, वापराचा लॉग मिळतो. चुकून डिलीट केली तरी 7 ते 30 दिवसांची मुदत असते. सर्व्हरच्या गुप्त फाइली त्या कीने बंद ठेवायच्या.

बेंबळा

ताई, लॉग आणि मुदतीचा मुद्दा चांगला आहे. पण केएमएस लावलं की सर्व्हर सुरू होताना नेट हवंच, आणि पहिल्या वादळात फायबर तुटतो. ऑफिसात मशीन ठेवण्याचं कारणच ते होतं. शिवाय त्या क्लाउड खात्याचा पासवर्ड, त्याचा टू-स्टेप आणि त्याचं बिल भरणारं कार्ड हे सगळं पासवर्ड मॅनेजरमध्येच असेल, तर आतला दरवाजा उघडायची की आतच राहिली. बॅकअपचंही तेच. रेस्टिक या बॅकअप साधनाने एन्क्रिप्ट केलेला बॅकअप रोज होतो आणि रेस्टिकचा पासवर्ड फक्त मॅनेजरमध्ये असतो. डिस्क गेली त्या दिवशी बॅकअप समोर असून उघडत नाही.

व्हॉल्टवॉर्डनचा बॅकअप घेताना डेटाबेस फाइल नुसती कॉपी करू नका. शेवटच्या नोंदी शेजारच्या -wal नावाच्या फाइलमध्ये असतात, त्या सुटतात. त्या डेटाबेसची, म्हणजे एसक्यूलाइटची, बॅकअप आज्ञा वापरा. आणि डेटा फोल्डरमधली आरएसए की फाइल ही तिजोरीची की आहे असा समज आहे, तो काढून टाका. ती लॉगिनच्या टोकनवर सही करते. ती हरवली तर सगळे लॉगआउट होतात, पासवर्ड जात नाहीत.

वर्धाकाठ

केएमएसबद्दल बेंबळाशी सहमत. कागदाचं मात्र ठरवावंच लागेल. लक्सची पासफ्रेज आणि बॅकअपचा पासवर्ड शमीर पद्धतीने पाच तुकड्यांत वाटा, कोणतेही तीन जमले की उघडेल असे. उत्पादक कंपनीत किमान पाच संचालक असतातच. डिजिटल सहीच्या (डीएससी) टोकनसारखे ते सगळे सीएच्या कपाटात जमा करायचे नाहीत. तुकडे बिलाच्या थर्मल प्रिंटरवर छापू नका, उष्णतेने त्यावरची अक्षरं फिकी पडतात. साध्या कागदावर बॉलपेनने लिहा, स्टीलच्या डब्यात ठेवा. लाकडी कपाटात वाळवी लागते.

की कनेक्टरचा आग्रह सहा माणसांच्या कंपनीसाठी सोडतो. पन्नास सभासदांच्या संघासाठी सोडत नाही.

बेंबळा

पन्नासांच्या संघात एसएसओ आधीच असेल तर वाद नाही. पण पीएफएक्स फाइल तिथेही याच पाच तुकड्यांच्या नियमाने ठेवा: फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मशीनपासून दूर, तिचा पासवर्ड तुकड्यांत. दोन्ही एकत्र कधीच नको.

पैनगंगा

तुकड्यांचा एक धोका राहिला. संचालक बदलला की नुसते नवे तुकडे वाटून भागत नाही. जुने तीन जमले तर जुनी पासफ्रेज निघतेच, म्हणून पासफ्रेजही बदला. लक्समध्ये ती बदलली तरी हेडरच्या (डिस्कच्या सुरुवातीचा, कीची माहिती ठेवणारा भाग) जुन्या बॅकअपमध्ये जुना स्लॉट, म्हणजे जुन्या पासफ्रेजची जागा, शाबूत असतो. तो हेडर परत लिहिला की जुन्या पासफ्रेजने डिस्क उघडते, कारण आतली मुख्य की तीच राहते. लक्स 2 ची ही फाइल जेमतेम 16 एमबीची, तिच्या प्रती दोन-तीन पेनड्राइव्हवर पडून असतात. पासफ्रेज बदलल्यावर नवा हेडर बॅकअप घ्या, आणि प्रत्येक जुनी प्रत शोधून पुसा. तेवढीही खात्री नसेल तर डिस्क पुन्हा एन्क्रिप्ट करा. त्याला काही तास लागतात, तेव्हा इन्व्हर्टर पूर्ण चार्ज असू द्या आणि आधी बॅकअप घ्या.