कॉम्बॅट फ्लाइट सिमसाठी जॉयस्टिक घ्यायचीय, पण मालवणच्या खाऱ्या हवेत टिकेल अशी कुठली?

देवबागचा_पायलट

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मालवणजवळ राहतो, घरचाच छोटा होमस्टे आहे. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याला झाला तेव्हा तारकर्लीच्या किनाऱ्यावर सगळे लोटले होते, मी पण पुतण्याला खांद्यावर घेऊन उभा होतो. नौदलाचं लढाऊ विमान मिग-२९के डोक्यावरून गेलं ना, आधी विमान दिसलं आणि मग आवाज आला, तो पण कानात नाही, थेट छातीत. पुतण्या रडायला लागला आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तेव्हापासून डोक्यात किडा घुसलाय तो काही निघत नाही.

आता पावसाळा लागला, वॉटरस्पोर्ट बंद, गिऱ्हाईक नाही, त्यामुळे वेळच वेळ आहे. भावाने लॉकडाऊननंतर घेतलेला पीसी इथेच पडून होता, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर डीसीएस वर्ल्ड हा लढाऊ विमानं उडवायचा गेम टाकला. तीन रात्री डाउनलोड चालू होतं आणि त्यात दोनदा लाईट गेली. फुकटात मिळणारी दोन्ही विमानं, सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी मस्टँग, कीबोर्डवर उडवतोय. उडवतोय म्हणजे काय, सुखोई कसंबसं वर जातं पण वळवायला गेलं की आडवं होऊन खाली, कारण बटण दाबलं की पूर्ण नाहीतर काहीच नाही, थोडंसं असं कीबोर्डला जमतच नाही. मस्टँग तर धावपट्टी सोडून डावीकडे गवतात घुसतं, रोजच. पण कॉकपिटमधले स्विच माऊसने एकेक चालू करायला जाम मजा येते. बायको म्हणते, घरातला पंप चालू करायला उठत नाहीस आणि इथे दहा मिनिटं इंजिन चालू करत बसतोस.

तर बजेट साधारण २५ हजार. सगळं एकाच जॉयस्टिकमध्ये घालू, का वेगळा थ्रॉटल (इंजिनचा जोर कमीजास्त करायचा दांडा) घेऊ, का पायाने दाबायची पेडल पण लागतात? आणि मुख्य भीती म्हणजे आमच्या घरापासून समुद्र शंभर पावलांवर आहे. शेजारच्या मुलाची जॉयस्टिक एका पावसाळ्यात गेली, हात न लावता विमान आपलं डावीकडे झुकायचं. तसं व्हायला नकोय.

जांभाचिरा (रत्नागिरी)

शेजारच्या मुलाचं काय झालं ते तुम्हाला न बघता सांगतो. माझी पण जुनी अशीच गेली होती, मी ती खोलली. आत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण असायचं ना तेच. कार्बनच्या पट्टीवर एक बारीक धातूचा पाय घासत फिरतो आणि तो कुठे आहे यावरून कॉम्प्युटरला कळतं स्टिक कुठे आहे. आमच्याकडे त्या पट्टीवर खारा दमटपणा आणि धूळ मिळून काळा चिकट थर बसला होता, पाय त्यावरून गेला की आकडा उड्या मारायचा. जुन्या रेडिओचा आवाज खरखरतो तसंच, फक्त इथे विमान खरखरतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर दोन महिने बरं चाललं, मग परत तेच.

म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने हॉल सेन्सरवालीच घ्यावी असं माझं ठाम मत. त्यात लोहचुंबक फिरतो आणि सेन्सर लांबूनच ओळखतो, घासायला काही नाहीच. थ्रस्टमास्टर टी.१६०००एम मध्ये पुढेमागे-डावीउजवीकडे हॉल आहे, पण एक सांगून ठेवतो, तिचं मनगट वळवून रडर (विमानाचं नाक डावीउजवीकडे वळवणारं शेपटीचं पान) मारायचं ट्विस्ट आणि खालची थ्रॉटलची पट्टी साध्या पोटेन्शिओमीटरवरच आहे. व्हीकेबी ग्लॅडिएटर एनएक्सटी ईव्हीओ त्याहून पुष्कळ चांगली, स्टिक आणि ट्विस्ट दोन्ही न घासणाऱ्या सेन्सरवर, फक्त बाहेरून मागवली तर शिपिंग आणि कस्टम किती पडतंय ते आधी बघा, नाहीतर दारात आल्यावर घाम फुटेल. लॉजिटेक एक्स्ट्रीम ३डी प्रो सगळीकडे मिळते आणि शिकायला वाईट नाही, पण ती पोटेन्शिओमीटरवाली.

आणि कुठलीही घेतलीत तरी खेळून झालं की कपाटात ठेवायची आणि कपाटात झीरोचा बल्ब लावून ठेवायचा. फोटोवाले कॅमेऱ्याला बुरशी येऊ नये म्हणून करतात तेच. माझी आता चौथा पावसाळा बघतेय. यूएसबीची पिन पण बघत जा, हिरवी दिसायला लागली की समजायचं.

गुहागरी_गरुड

जांभाभाऊंचं सगळं बरोबर पण मी क्रम उलटा सांगेन. पहिले पैसे दिसण्यावर घाला. हवेतल्या मारामारीत जो शत्रूला बघत राहतो तो जिंकतो, आणि तुम्ही हॅट स्विचने (स्टिकच्या टोकावरचं अंगठ्याने ढकलायचं बटण) मान वळवत बसलात तर तो तुमच्या शेपटीला कधी लागला कळणार पण नाही. हेड ट्रॅकिंग घ्या, म्हणजे तुम्ही डोकं वळवलं की गेममधलं दृश्य पण वळतं. ट्रॅकआयआर म्हणून तयार मिळतं पण महाग, आणि ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात साध्या वेबकॅमवर चेहरा ओळखणारा ट्रॅकर आहे, काही जोडायला लागत नाही, चेहऱ्यावर उजेड पडला पाहिजे एवढंच. मान दहा अंश वळवली की आत शंभर अंश वळते, म्हणजे मागे बघताना पण डोळे स्क्रीनवरच राहतात. पहिले दोन दिवस गरगरतं, मग त्याशिवाय उडवता येत नाही.

मी मात्र घरी बनवलंय. तीन इन्फ्रारेड एलईडी हेडफोनच्या कडेला, सिरीजमध्ये, एक रेझिस्टर घालून यूएसबीच्या ५ व्होल्टवर. जुन्या वेबकॅमच्या आतली इन्फ्रारेड अडवणारी लालसर काच काढून टाकली आणि तिथे फ्लॉपीच्या आतल्या काळ्या तबकडीचा तुकडा कापून लावला. तो साधा उजेड अडवतो आणि इन्फ्रारेड जाऊ देतो, म्हणजे कॅमेऱ्याला काळोखात फक्त तीन ठिपके दिसतात. एलईडी पेटलेत का ते डोळ्याला कळत नाही, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट दिसतात. आमच्याकडे फ्लॉपी मिळाली ती बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या अडगळीत. खिडकीतून ऊन आलं की मात्र सगळं बोंबलतं, पण तुमच्याकडे आता ऊन कुठलं.

सोलकढी_स्क्वॉड्रन

वर कोणी व्हीआर का नाही म्हटलं? कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटणं म्हणजे काय ते हेडसेट घातल्याशिवाय कळतच नाही, हेड ट्रॅकिंग वगैरे त्यापुढे काहीच नाही.

गुहागरी_गरुड

कारण तुम्ही ठाण्यात एसीत बसून उडवता, सोलकढीराव. इथे मे महिन्यात हेडसेट घालून वीस मिनिटं बसून दाखवा, काचेवर वाफ धरते आणि फोमची अवस्था क्रिकेटच्या ग्लोव्हजसारखी होते. शिवाय ३०६० वर डीसीएस व्हीआरमध्ये चालेल पण रडतखडत. २५ हजारात तर विषयच नको.

सोलकढी_स्क्वॉड्रन

एसीचा मुद्दा मान्य 😄 मग निदान रॅम तरी ३२ जीबी करा हो, डीसीएसला १६ मध्ये मोठं मिशन लावलं की अडखळतं. आणि एसएसडी नसेल तर सगळ्यात आधी तीच. दुसरं म्हणजे इंटरनेटचे वांधे असतील तर नवीन मॅप तिथून डाउनलोड करत बसू नका, मी गणपतीला गावी येतो तेव्हा चुलतभावासाठी अख्खं डीसीएसचं फोल्डर हार्डडिस्कवर आणतो, तिथे कॉपी करून रिपेअर मारलं की राहिलेलं तेवढंच उतरतं. मॉड्यूल (विकतचं विमान किंवा मॅप) मात्र ज्याच्या अकाउंटवर घेतलंय त्यालाच चालतं. विकत घ्यायच्या आधी १४ दिवस फुकट ट्रायल असते ती डीसीएसच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलेल्या स्टँडअलोनमध्ये वापरा, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या डीसीएसमध्ये ती नाही.

फाल्कन बीएमएस हा दुसरा सिम पण बघा. मूळ फाल्कन ४.० हा १९९८ चा गेम, तो विकत असायला हवा, स्वस्तात मिळतो, त्यावर बीएमएस फुकट चढतं. एफ-१६ चं एवढं सखोल आणि कोरियाचं युद्ध तुम्ही झोपलात तरी चालू राहिल्यासारखं, दुसरीकडे नाही. दिसायला डीसीएसइतकं देखणं नाही, पण कोणाला देखावा बघायचाय.

निवृत्त_गगनचर

मी आयुष्यभर विमानं दुरुस्त केली, उडवली नाहीत, त्यामुळे नातवाच्या कॉम्प्युटरवर डीसीएसमधलं मिग-२१ बिस बघितलं तेव्हा खुर्चीतून उठवेना. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला, १९६३ पासूनचं विमान, टीव्हीवर बघताना डोळे भरून आले होते.

नातू प्रत्येक लँडिंगला आपटायचा. मी म्हटलं, अरे थ्रॉटल एकदम मागे का ओढतोस? या विमानात इंजिनातली हवा फ्लॅपवरून (पंखाच्या मागच्या कडेची खाली वळणारी पट्टी) फुंकतात, म्हणून एवढ्याशा पंखावर ते कमी वेगात तरंगतं. इंजिनचे फेरे उतरवले की ती हवा गेली, आणि हवा गेली की विमान दगडासारखं खाली. टायर टेकेपर्यंत थोडी पॉवर ठेवायची. गेममध्ये पण हे तसंच आहे हे बघून मी चाट पडलो. तुम्हाला स्विच दाबायला आवडतात म्हणता तर हे विमान घ्या, पुष्कळ दाबायला मिळतील.

आणि मस्टँग डावीकडे जातं ते तुमची चूक नाही, पंख्याचा जोर आहे. रडर ट्रिम (रडर आपोआप थोडा वळलेला ठेवणारी चकती) ५-६ अंश उजवीकडे द्या, स्टिक मागे धरून ठेवा म्हणजे मागचं चाक लॉक राहतं, आणि थ्रॉटल हळूहळू. आमच्या भाषेत सांगायचं तर बैलगाडी चढावर घेतल्यासारखं, हिसका द्यायचा नाही.

देवबागचा_पायलट

काका, आत्ता करून आलो. तिसऱ्या वेळी सरळ उडालं!! बायकोला हाक मारून दाखवलं, ती म्हणाली बरं झालं, आता पंप लाव.

एक राहिलं, नौदलाचं वेड असल्यामुळे मला जहाजावर उतरायचंय. मिग-२९के डीसीएसमध्ये नाही ना?

जांभाचिरा (रत्नागिरी)

के नाही. पण आपल्या विक्रमादित्य-विक्रांतसारखं स्की-जंपवरून (डेकच्या टोकाचा वर वळलेला चढ) उडून तारेत अडकवून थांबायचं असेल तर सुखोई-३३ आहे, रशियाच्या कुझनेत्सोव जहाजावरून. सुखोई-३३ चे स्विच मात्र माऊसने दाबता येत नाहीत, सगळं कीबोर्डच्या बटणांवर, तुमचा हिरमोड होईल. खरं शिकायचं तर अमेरिकन नौदलाचं एफ/ए-१८सी हॉर्नेट.

आणि इथे मला माझाच मुद्दा थोडा बदलायला लागतोय. जहाजावर उतरताना डाव्या हाताचं काम उजव्यापेक्षा जास्त. हॉर्नेट ठरलेल्या कोनात धरून ठेवायचं आणि खाली-वर फक्त पॉवरने करायचं, थोडी पुढे, लगेच थोडी मागे, सतत, होडीचं सुकाणू धरल्यासारखं. डेकला चाक लागलं की थ्रॉटल पुढे, फुल पॉवर, कारण तार चुकली तर परत उडायला हवं. जॉयस्टिकच्या पायाशी असलेल्या दोन बोटांच्या पट्टीवर हे होत नाही, पट्टी केसभर हलवायला गेलं की इंजिन हातभर पुढे. म्हणून टी.१६०००एम आणि टीडब्ल्यूसीएस थ्रॉटलची जोडी बघा, त्या थ्रॉटलला पुढून बोटाने दाबायचा रडरचा रॉकर पण आहे, म्हणजे स्टिकचं ट्विस्ट स्क्रूने लॉक करून टाका, झीज तरी वाचेल. पेडल नंतर, हेलिकॉप्टर उडवायला लागाल तेव्हा.

माडाखालचो

रे बाबा, सगळे मोठमोठे सांगतत, पण ह्यां लावतलंस खंय? हलकी जॉयस्टिक टेबलावर ठेवून जोरात ओढली की टेबल सोडून तुझ्या मांडीत येता. मी काय केलंय, आंब्याची रिकामी लाकडी पेटी घेतलंय, तिच्यात एक चिरो घातलंय, वर फळी मारून त्येच्यावर स्टिक स्क्रूने बसवलंय आणि खुर्चीच्या उजव्या बाजूक ठेवलंय. हात मांडीच्या लेवलाक येता, खांदो दुखणा नाय. चिऱ्यामुळे पेटी तसूभर हलणा नाय. पेटीवर अजून देवगड हापूस लिवलेला आसा, पोरां त्येका हापूस एअरबेस म्हणतत.

आणि वीज कडाडाक लागली की पीसीची पिन काढूच, पण राऊटरची वायर पण काढ. माझो राऊटर वायरीतनाच गेलो. साधो छोटो यूपीएस गेमिंग पीसीक दोन मिनिटांपेक्षा जास्त धरणा नाय, त्येचो उपयोग फक्त शटडाऊन करूक, लँडिंग पुरा करूक नाय.

देवबागचा_पायलट

हापूस एअरबेस 😂 उद्याच पेटी बघतो, गेल्या सीझनच्या चार-पाच पडवीत आहेत.

ठरलं मग: स्टिक आणि थ्रॉटलची जोडी, रॅम पुढच्या महिन्यात, हॉर्नेट आधी ट्रायलवर, आणि ट्रॅकिंग गरुडभाऊंसारखं घरी बनवून. माळ्यावरच्या ट्रंकेत फ्लॉपी पण मिळाली, वर आईच्या अक्षरात "पतपेढी हिशोब, फेकू नये" लिहिलंय. आईला विचारलं कापू का, तर म्हणते आधी त्यात काय आहे ते बघ. आता फ्लॉपी ड्राइव्ह कुणाकडे आहे का, मालवण-कुडाळ भागात?