पीसीचं नेट मोबाइलला कसं द्यायचं? पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येईना

टॉवेल_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिस शेडच्या आतच, वर पत्रा, भोवती माग. मोबाइलला रेंजची एक दांडी, तीही येऊन-जाऊन. डेस्कटॉपला मात्र केबलवाल्याचं १०० एमबीपीएसचं नेट आहे, टॅली आणि जीएसटीचं काम त्यावर व्यवस्थित चालतं.

वायर भिंतीतून थेट सीपीयूच्या मागे येते. राउटर नाही. सकाळी पीसी चालू केला की युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्शन डायल करावं लागतं. विंडोज १० आहे, पीसीला वाय-फाय नाही.

हेच नेट दोन-तीन मोबाइलना पाहिजे. व्यापाऱ्यांना डिझाइनचे फोटो पाठवायचे, पेमेंट आलं का बघायचं आणि बँकेचा ओटीपी वेळेत यायला हवा. यूएसबी केबल लावून मोबाइलमधलं ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं तर उलटंच व्हायलंय, मोबाइलचाच डेटा पीसीला जायलाय. वाय-फायचा डोंगल (यूएसबीत खोचायचं छोटं यंत्र) घ्यायचा का? घेतला तर कोणता?

---

सातरस्ता_नेटवर्किंग

यूएसबी टेदरिंगची दिशा ठरलेली असते, मोबाइलकडून पीसीकडे. ते बटण बंदच ठेवा. नाहीतर विंडोज मोबाइललाच नेटचा मार्ग समजून बसतं आणि महिन्याचा डेटा पीसीच्या अपडेटमध्ये संपतो.

तुम्हाला हवा तो मार्ग म्हणजे विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून तो विंडोज १० मध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ‘फ्री वाय-फाय हॉटस्पॉट’ नावाचे प्रोग्रॅम हिशोबाच्या मशीनवर अजिबात टाकू नका.

डोंगल घेताना दुकानात दोनच गोष्टी विचारा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन्ही बँड आहेत का, आणि ड्रायव्हर विंडोज १० वर ‘वाय-फाय डायरेक्ट’ (राउटरशिवाय दोन उपकरणं थेट जोडायची सोय) चालवतो का. दुसरी जास्त महत्त्वाची. नखाएवढे जुने, स्वस्त डोंगल स्वतः नेट घेतात, पण दुसऱ्याला देताना अडतात, कारण हॉटस्पॉट उभा राहतो तो वाय-फाय डायरेक्टच्या आभासी ॲडॉप्टरवर. डोंगल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा आणि ‘मायक्रोसॉफ्ट वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल ॲडॉप्टर’ दिसतो का बघा. दिसत नसेल तर चिपसेट बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकून बघा. तरीही नाही दिसला तर डोंगल बदलून घ्या, सेटिंगशी झगडून उपयोग नाही.

आता जागा. डोंगल सीपीयूच्या मागे खोचला की पुढे लोखंडी कॅबिनेट, मागे भिंत, मग सिग्नल जाणार कुठून? एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलाच्या वर, मोकळ्यावर ठेवा. निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी तर ठेवूच नका. त्या पोर्टवर पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असली की त्यातून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि स्पीड अचानक बसतो. २.४ वरच चालवायचं असेल तर काळा पोर्ट बरा.

मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मोबाइल हॉटस्पॉट. ‘शेअर माय इंटरनेट कनेक्शन फ्रॉम’मध्ये जिकडून नेट येतं ते निवडा. ‘एडिट’मध्ये नाव आणि किमान ८ अक्षरांचा पासवर्ड द्या. बँड आधी २.४ ठेवा, जुन्या मोबाइलनाही दिसतो आणि आडोशातून जास्त लांब पोहोचतो. मोबाइल टेबलाशेजारीच राहणार असतील तर नंतर ५ वर न्या. एका वेळी ८ मोबाइल जोडता येतात.

खाली ‘पॉवर सेव्हिंग’ असं बटण दिसलं तर ते बंद करा. कोणी जोडलेलं नसलं की विंडोज थोड्या वेळात हॉटस्पॉट आपोआप बंद करतं. जेवायला बाहेर जाऊन आलात की ‘नेट गेलं’ म्हणून तक्रार येते, ती याचीच.

---

वायरमन_पीपीपीओई

वरचं सगळं बरोबर आहे, पण यांची खरी अडचण डायल करण्यात आहे. युजरनेम-पासवर्ड टाकून नेट लागतं म्हणजे ते पीपीपीओई कनेक्शन. वायर इथरनेटची असली तरी नेट इथरनेटवर नसतं, डायल केलेल्या कनेक्शनवर असतं. काही मशीनवर ते हॉटस्पॉटच्या यादीत दिसतं, काहींवर नाही. नुसतं ‘इथरनेट’ निवडलं तर मोबाइल जोडला जातो आणि खाली ‘इंटरनेट नाही’ येतं.

तसं झालं तर हे करा. आधी नेट डायल करा, मग हॉटस्पॉट चालू करा. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, तिथून ‘चेंज ॲडॉप्टर सेटिंग्ज’. हॉटस्पॉटमुळे तिथे ‘लोकल एरिया कनेक्शन’ असं चांदणी (*) आणि आकडा लावलेलं नवं चिन्ह आलेलं असेल, त्याखाली वाय-फाय डायरेक्टचं नाव असतं. तो आकडा लक्षात ठेवा. इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ टॅबवर टिक असेल तर काढा. मग डायलवाल्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’, पहिली टिक लावा, आणि खालच्या यादीतून ते चांदणीवालं कनेक्शन निवडून ओके करा.

इथे विंडोज कधी कधी सांगतं की पासवर्ड सगळ्या युजरसाठी सेव्ह केलेला नाही. डायल करायच्या चौकटीत ‘एनीवन हू यूजेस धिस कॉम्प्युटर’ निवडून पासवर्ड पुन्हा सेव्ह केला की ते मिटतं.

दुसऱ्या दिवशी पीसी चालू केल्यावर टिक दिसते, पण नेट पुढे जात नाही, हा नेहमीचा ताप. टिक काढून ओके, परत लावून ओके केलं की चालतं. कायमचं करायचं तर सर्व्हिसेसमध्ये ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’चा स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा, ‘रेजएडिट’ने उघडतो) लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, शेअर्डॲक्सेस या फोल्डरात ‘इनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन’ नावाची ३२ बिटची डीवर्ड किंमत करून १ ठेवा, नाव सलग, जागा न सोडता. हॉटस्पॉटचं बटण मात्र रीस्टार्टनंतर पुन्हा दाबावंच लागतं.

---

डोंगलशिवाय

डोंगल येईपर्यंत एकाच अँड्रॉइड मोबाइलचं भागवायचं असेल तर केबलवरही होतं. जेनीमोबाइलचं एक मोफत साधन आहे, त्याचं नाव म्हणजे इंग्रजीतल्या ‘टेदरिंग’ची अक्षरं शेवटून उलटी लिहिलेली. ते गिटहबवर मिळतं, तिथूनच उतरवा. अँड्रॉइड ५ किंवा पुढचा हवा, रूट (मोबाइलचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घेणं) लागत नाही. मोबाइलमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा, पीसीवर एडीबी (केबलवरून मोबाइलला आज्ञा देणारं अँड्रॉइडचं साधन) असू द्या, केबल लावा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या साधनाच्या नावापुढे ‘रन’ लिहा. मोबाइल व्हीपीएनची परवानगी मागेल, ती द्या, कारण मोबाइलमधली सगळी वाहतूक त्या व्हीपीएनमधूनच केबलवर उतरते. पीसीवर नेट डायलचं असो वा कशाचंही, याला फरक पडत नाही.

केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर पीसीला मोबाइल दिसतच नाही. आणि काम झालं की यूएसबी डीबगिंग आठवणीने बंद करा, काही बँकांची ॲप ते चालू दिसलं की उघडत नाहीत.

ब्लूटूथनेही नेट देता येतं, पण वेग जेमतेम एक-दोन एमबीपीएस. मेसेजपुरतं ठीक, टॉवेलचे फोटो चढवायला नाही.

---

टॉवेल_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी पेठेतून दोन बँडचा डोंगल आणला, वाय-फाय डायरेक्ट दिसतोय. शेअरिंगही सांगितलं तसं केलं. एका मोबाइलला नेट मिळालं, पण दुसरा ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’ इथेच अडकलाय. आणि नेट आलेल्या मोबाइलवर व्हॉट्सॲप पळतंय, पण ओटीपी अजून शेडच्या बाहेर जाऊनच घ्यावा लागतोय.

---

सातरस्ता_नेटवर्किंग

आधी आयपीचं. हॉटस्पॉटमध्ये पीसीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१३७.१ असतो आणि तोच मोबाइलना पुढचे पत्ते वाटतो. अडकलेल्या मोबाइलवर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडून बघा. तरी अडकला तर त्या नेटवर्कच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये आयपी ‘स्टॅटिक’ करा: पत्ता १९२.१६८.१३७.२०, गेटवे १९२.१६८.१३७.१, प्रीफिक्स २४, डीएनएस ८.८.८.८.

याने नेट सुरू झालं तर वाय-फाय धड आहे आणि पत्ता वाटपच अडतंय, हे नक्की. बहुतेक वेळा बाहेरून घेतलेल्या अँटीव्हायरसची फायरवॉल ते अडवते, कारण मोबाइलची मागणी तिला अनोळखी मशीनकडून आलेली वाटते. तिच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचं नेटवर्क ‘ट्रस्टेड’ करा. फायरवॉल पूर्ण बंद करून ठेवू नका, त्या मशीनवर तुमची टॅली आहे. स्टॅटिक देऊनही काही झालं नाही तर बँड २.४ वर आहे ना ते तपासा आणि मोबाइलवर एखादं व्हीपीएन ॲप चालू असेल तर बंद करा.

टॅलीवरून आणखी एक. हॉटस्पॉटला जोडलेला प्रत्येक मोबाइल तुमच्या पीसीच्या आतल्या नेटवर्कमध्ये येतो. टॅलीचा डेटा फोल्डर शेअर केलेला असेल तर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू हवं. माल घ्यायला आलेल्या प्रत्येकाला पासवर्ड सांगत बसू नका.

---

वायरमन_पीपीपीओई

ओटीपी एसएमएसने येतो आणि एसएमएसला सिमचं नेटवर्क लागतं, नुसतं वाय-फाय असून भागत नाही. त्यावर उपाय वाय-फाय कॉलिंग. एअरटेल आणि जिओने २०१९-२० च्या सुमाराला ते सुरू केलं. मोबाइलच्या सिम सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा आणि प्राधान्य ‘वाय-फाय’ला द्या. मग मोबाइल तुमच्या केबलच्या नेटवरून सिम कंपनीशी जोडला जातो, आणि कॉल, एसएमएस दोन्ही त्याच वाटेने येतात. प्रत्येक मॉडेलला ही सोय नसते, सेटिंगमध्ये पर्यायच दिसला नाही तर नाही असं समजा.

एक दांडी रेंज ही पूर्ण नसलेल्या रेंजपेक्षा वाईट. मोबाइल त्या दांडीला धरून बसतो आणि वाय-फाय कॉलिंगकडे वळतच नाही. अशा वेळी विमान मोड चालू करा आणि मग फक्त वाय-फाय चालू करा. वरच्या पट्टीत वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह आलं की एक कॉल लावून खात्री करा, मग ओटीपी मागवा.

---

जुळे_सोलापूर_राउटर

दादा, दोन-चार दिवसांपुरतं हे ठीक आहे. पण कारखान्यात दिवसभर तीन मोबाइल यावर चालणार असतील तर हजार-दीड हजाराचा राउटर घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. पीसीवर हॉटस्पॉट असला की पीसी झोपला तरी नेट बंद, अपडेटला रीस्टार्ट झाला तरी बंद.

भिंतीतली वायर राउटरच्या वॅन पोर्टला लावा. तिथून लॅन पोर्टमधून दुसरी वायर पीसीला. पीसीवरून राउटरचं पान उघडा, पत्ता राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो. वॅनचा प्रकार ‘पीपीपीओई’ निवडा आणि आज पीसीवर टाकता तेच युजरनेम-पासवर्ड तिथे भरा. पीसीवरचं डायल करणं त्यानंतर कायमचं बंद.

इथे बरेच जण अडतात. काही केबलवाले कनेक्शन पीसीच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. मग पासवर्ड बरोबर असूनही राउटर लॉगिन होत नाही. राउटरमधल्या ‘मॅक क्लोन’मध्ये पीसीचा मॅक घ्या किंवा ऑपरेटरला फोन करून नवा मॅक नोंदवून घ्या. दुसरं म्हणजे लॉगिन एका वेळी एकच चालतं. पीसीवर डायल तोडल्याबरोबर राउटर लावला तर जुनं सेशन त्यांच्या सर्व्हरवर काही मिनिटं लटकलेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. पीसीवरून डायल करताना ६९१ एरर आला तर तो युजरनेम-पासवर्ड नाकारल्याचा किंवा या दुसऱ्या लॉगिनचा असतो. ६५१ आला तर आधी वायर आणि तिचं टोक बघा.

राउटर पत्र्याला लागून वर ठोकू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेरच चाळिशी पार होते, पत्र्याखाली तर विचारू नका. तापला की तो अडकतो आणि रीस्टार्ट करावा लागतो. डोक्याच्या उंचीवर, ऑफिसच्या आतल्या भिंतीला लावा. मागाजवळ कापसाचा तंतू उडतो तो जाळीत बसतो, महिन्यातून एकदा ब्रशने झाडून घ्या.

लाइट गेल्यावरही नेट हवं असेल तर राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून त्याच मापाचा मिनी यूपीएस घ्या. १२ व्होल्टच्या राउटरला ९ चा लावू नका. आणि ऑपरेटरचा फायबरचा डबा तुमच्याच आवारात असेल तर त्यालाही यूपीएसवर घ्यावं लागेल, नाहीतर राउटरचे दिवे लागलेले दिसतील आणि नेट नसेल.